१७ मे: सकाळी टॉम क्रूझ, संध्याकाळी गन्स अँड रोझेस. एका दिवसात जमेल का?

बेदाणावाली_आत्या, सांगली (१२ मे २०२५)

नमस्कार मंडळी. प्रश्न एका ओळीचा आहे, पण पार्श्वभूमी जरा लांबते. सांभाळून घ्या.

मी ४५ वर्षांची. एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये हिशेब बघते. फेब्रुवारी ते एप्रिल मान वर करायला फुरसत नसते. शेडवरून माल येतोय, बॉक्स मोजा, पावत्या करा, सौद्याच्या दिवशी व्यापाऱ्यांचे फोन. माझा उन्हाळा मेमध्ये सुरू होतो आणि वळवाच्या दुसऱ्या पावसात संपतो. त्यात यंदा पहिल्यांदाच स्वतःसाठी काहीतरी ठरवलंय: १७ मे, महालक्ष्मी रेसकोर्स, गन्स अँड रोझेस.

हे खूळ दादाचं. १९९३ साली तो पुण्याला शिकायला होता. तिथून एक नव्वद मिनिटांची कॅसेट भरून घेऊन आला. बी साइडला शेवटी ते पियानोवर सुरू होणारं, पावसाचं, नऊ मिनिटांचं गाणं होतं. पण भरणाऱ्याने हिशेब चुकवला होता (हिशेबाची आवड मला तेव्हापासून असावी). शेवटच्या गिटारीला जरा कुठे जोर चढतोय तोवर टेप संपायची आणि टेपरेकॉर्डरचं बटण खट् करून वर यायचं. गाणं तिथेच संपतं असं मी दोन-तीन वर्षं समजत होते.

दोन तिकिटं काढली होती, दादाचं आणि माझं. दादाला आता सुट्टी मिळत नाही. त्याच्या जागी त्याचा मुलगा येतोय, नुकताच बारावी झालेला. त्याला या बँडचं काडीचं सोयरसुतक नाही. त्याची अट अशी की मिशन इम्पॉसिबलचा शेवटचा भाग त्याच दिवशी लागतोय, अमेरिकेच्याही सहा दिवस आधी, तर तो सकाळी आयमॅक्सला दाखव, मग संध्याकाळी तुझे म्हातारे बघायला येतो.

१६च्या रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस आहे, रिझर्व्हेशन केव्हाच झालंय. सकाळी सातच्या सुमारास सीएसएमटी. मुक्काम लालबागला मावशीकडे. परत १८ला सकाळची कोयना. मधल्या दिवसात पावणेतीन तासांचा पिक्चर आणि उभ्याने कॉन्सर्ट, दोन्ही झेपेल का? कुणी असं केलंय का?

---

विश्रामबागी

आत्या, रागावू नका, पण हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? पिक्चर पुढच्या आठवड्यात सांगलीत आरामात बघता येईल, थंडगार हॉलमध्ये, घरापासून दहा मिनिटांवर. रात्री गाडीत झोप धड होत नाही. सकाळी अंधारात तीन तास बसलात की दुपारी डोळे मिटायला लागतील, आणि खरा कार्यक्रम तर संध्याकाळीच आहे. पोराला पॉपकॉर्नच्या मोठ्या डब्याचं आमिष दाखवा आणि पिक्चर पुढे ढकला.

---

बेदाणावाली_आत्या

आमिष दाखवून झालं. तो म्हणतो, सांगलीत आयमॅक्स कुठाय? इथे मी निरुत्तर.

---

चन्नम्मा_स्लीपर_क्लास, मिरज

एका दिवसात दोन्हीचा अनुभव नाही, पण कॉन्सर्टपुरतं मी बोलू शकतो. १७ मार्च २००७, आयर्न मेडन, बंगळूर, पॅलेस ग्राउंड्स. ते भारतात पहिल्यांदाच वाजवत होते. आम्ही चौघे राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं मिरजेहून गेलो. चौघांत मिळून बॅग एकच, आणि त्या बॅगेत निम्मं भडंग.

तेव्हा आमची चूक अशी झाली की पुढे जायचं म्हणून उन्हं असल्यापासून कठड्याला चिकटून उभे. पाणी प्यायचं तर बाहेर पडावं लागणार, आणि बाहेर पडलं की जागा गेली. आधी परिक्रमा बँडवाले वाजवून गेले, मग बासिस्टच्या मुलीचं, लॉरेन हॅरिसचं झालं. मेडन आले तेव्हा माझ्या पायांत गोळे आणि डोळ्यांपुढे काजवे. पहिली तीन गाणी मी फक्त उभा राहण्यावर लक्ष ठेवून ऐकली. एवढा खर्च करून कठडा बघून आलो म्हणा.

तेव्हा पिक्चर बघा किंवा नका बघू, दुपारी दोन तास मावशीकडे आडवं व्हायचंच. आणि पायात जुनी, मळलेली चप्पल किंवा बूट. नवीन काही घालू नका.

---

जवारीवाला, मिरज

मी दिवसा तंबोऱ्याच्या जवाऱ्या काढतो (म्हणजे तारांखालची घोडी घासून आवाज खुलवतो) आणि लग्नसराईत रात्री साउंडच्या पोरांबरोबर असतो, त्यामुळे दोन्हीकडची थोडी माहिती आहे.

पुढे घुसू नका. मैदानाच्या मधोमध साउंडवाल्याचा कन्सोल असतो. तो माणूस तिथे बसून जे ऐकतो त्यावर सगळा आवाज ठरवतो. म्हणजे सगळ्यात नीट आवाज कन्सोलच्या आसपास. फार मागेही जाऊ नका. आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो, म्हणजे शंभर मीटरवर तो पाव सेकंदाहून जास्त उशिरा पोचतो. म्हणून मागच्या खांबांवरचे स्पीकर मुद्दाम उशिराने वाजवतात, नाहीतर तेच गाणं दोनदा ऐकू आलं असतं. दोन खांबांच्या बरोब्बर मधे उभं राहिलं की तो घोळ थोडा तरी कानाला लागतोच.

दुसरं म्हणजे कान. आमची डॉल्बीवाली पोरं हसतात, पण मी बोळे घालतो. ८५ डेसिबल आवाज आठ तास चालतो, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी करत जायची, असा एक ठोकताळा आहे. त्या हिशेबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. कॉन्सर्ट तेवढं सहज गाठते. कापूस कोंबू नका, त्याने वरचे सूर मरतात आणि धडधड तशीच राहते. औषधाच्या दुकानात फोमचे बोळे मिळतात, संगीतासाठीचे वेगळेही येतात.

जाता जाता एक सांगतो. मिरजेत लोक मला विचारतात, तू तंबोऱ्याचा माणूस, तुला ती किरकिरी गिटार कशी चालते? अहो, जवारी म्हणजे दुसरं काय असतं? तार घोडीला नुसती स्पर्श करत थरथरावी, मूळ सुराबरोबर वरचे सूर बाहेर यावेत, म्हणून तर घोडी घासत बसतो आपण. गिटारवाला तेच काम मशीन तापवून करतो. त्याची जवारी जरा जास्त उघडी, एवढंच.

---

तासगावचा_तंबू

मी पिक्चरच्या बाजूने. आमच्या लहानपणी चैत्रातल्या जत्रेत तंबूत सिनेमा यायचा. पडद्याच्या मागच्या बाजूला बसलं की हिरो डावखुरा दिसायचा. तेव्हापासून माझं मत आहे की उन्हाळ्यातला पिक्चर पहिल्याच दिवशी बघावा. सैराट २०१६च्या एप्रिलअखेर आला, तेव्हा पहिल्या आठवड्यातला हॉल आणि महिन्यानंतरचा हॉल हे दोन वेगळे पिक्चर होते. पोराचं बरोबर आहे. दाखवा.

---

बेदाणावाली_आत्या (१९ मे २०२५)

मंडळी, जमलं. कालच परत आले, पाय अजून बादलीत आहेत. सविस्तर लिहिते, पुढच्याला उपयोगी पडेल.

मिरजेहून महालक्ष्मी पकडून महालक्ष्मीला जातोय, हा विनोद भाच्याने कराडपर्यंत चार वेळा केला. सीएसएमटीला उतरून सुलभ शौचालयात तोंड धुतलं आणि हार्बर लाइनने वडाळा. आयमॅक्स तिथलं घेतलं. थिएटरचं नाव मिराज. मग पुढचा विनोद, मिरजेहून निघून मिराजलाच पोचलो. (त्या कंपनीचा आपल्या मिरजेशी संबंध नाही.)

पिक्चरबद्दल थोडक्यात. पहिला तास नुसत्या गप्पा आणि जुन्या भागांची उजळणी, तेवढ्यात मी एक डुलकी काढली, कबूल करते. पण पाणबुडीतल्या प्रसंगात झोप उडाली. तिथे बराच वेळ कुणी बोलतच नाही, आणि अख्ख्या हॉलमध्ये कुरकुरे खाण्याचाही आवाज येईना. मग ते विमान. तो बाबा दोन पंखी विमानाच्या पंखावर लटकतो तेव्हा माझ्या शेजारच्या आजोबांनी, सत्तरी पार असतील, माझ्याच खुर्चीचा हात घट्ट धरला. सुटल्यावर सॉरी म्हणाले. मी म्हटलं, राहू द्या, मी पण तोच धरला होता.

दुपारी मावशीकडे आमरस. चूक! दोन वाट्या आमरस आणि मुंबईचा मे, यानंतर मेलेलासुद्धा उठत नाही. भाच्याने पंखा बंद करून मला उठवलं. चन्नम्मावाल्यांचा सल्ला मी निम्माच ऐकला. आडवी झाले, पण चप्पल नवीन घातली. रंग साडीला नाही तर निदान कुर्त्याला तरी जुळावा म्हणून. महालक्ष्मी स्टेशनातून बाहेर पडलो, एका अंगाला धोबीघाट, दुसऱ्या अंगाला रेसकोर्स, आणि तेवढ्यातच टाच सोलली. पुढची सगळी कॉन्सर्ट मी गवतावर अनवाणी ऐकली. चपला भाच्याच्या बॅगेत.

जवारीवाल्यांचे मात्र शब्दशः ऐकले. कन्सोल शोधला, त्याच्या डाव्या हाताला उभे राहिलो. बोळे घातले. आवाज छातीत येत होता, कानात टोचत नव्हता. आजूबाजूला मला वाटलं होतं तशी सगळी पोरंटोरं नव्हती. टक्कल पडलेले, पोट सुटलेले, काळे टी-शर्ट कपाटाच्या तळातून काढलेले पुष्कळ. एकाच्या टी-शर्टला डांबरगोळ्यांचा वास येत होता, देवाशप्पथ.

गाणारा अ‍ॅक्सल ६३ वर्षांचा आहे. वरचे सूर पूर्वीसारखे लागत नाहीत, खोटं कशाला बोलू. काही ठिकाणी तो सूर सोडून देतो आणि लोक तो उचलतात. पण माणूस जवळजवळ तीन तास इकडून तिकडे पळत होता. आमचे साहेब ५२व्या वर्षी जिना चढत नाहीत. गिटारवाला स्लॅश तीच टोपी, तेच केस, तोंडातून शब्द नाही. अ‍ॅक्सल २०१२ला भारतात येऊन गेला तेव्हा स्लॅश आणि बास वाजवणारा डफ त्याच्याबरोबर नव्हते. तिघं एकत्र इथे हे पहिल्यांदाच. भाचा पहिला अर्धा तास फोनवर होता. मग मी बघितलं तर फोन खिशात आणि बाईंची मान हलत होती, म्हणजे त्याची. केस वाढवलेत ना, मागून बाईच दिसते.

आणि मग स्टेजवर पियानो आला.

मी दादाला फोन लावत होते. एवढ्या गर्दीत फोन कुठला लागतोय! तीनदा लावला, मग नाद सोडला. गाणं पुढे सरकलं, शेवटची गिटार सुरू झाली, जोर चढायला लागला, आणि बरोब्बर त्या ठिकाणी माझ्या डोक्यात खट् झालं. इतक्या वर्षांत ते गाणं मी फोनवर शंभरदा पूर्ण ऐकलंय. तरीही झालं. आणि स्टेजवर स्लॅश तसाच वाजवत राहिला, थांबेचना. मी इतकी वेड्यासारखी हसायला लागले की भाच्याने विचारलं, आत्या, रडतेस का? त्याला कॅसेटची बी साइड कुठून समजावणार? म्हटलं, टाच दुखतेय.

दादाशी बोलणं झालं ते दुसऱ्या दिवशी कोयनेतून, साताऱ्याच्या जवळपास. त्याने पहिला प्रश्न विचारला, "तिथं तुटलं का गं?"

---

विश्रामबागी

माघार घेतो. पण आमरस खाऊन कॉन्सर्टला जाणं म्हणजे तुमच्या धाडसाची कमाल आहे.

---

जवारीवाला, मिरज

ती कॅसेट आहे का अजून? टेप तुटली नसेल तर घेऊन या. माझ्याकडे चालू डेक आहे.

---

बेदाणावाली_आत्या

आहे, पण दादाच्या माळ्यावर. गणपतीत येईल तेव्हा काढायला लावते. भाच्याने तोवर दुसरंच काढलंय: २७ जूनला गाड्यांच्या शर्यतीचा पिक्चर आहे म्हणे, तोही आयमॅक्सलाच. या वेळी चप्पल जुनी.