मदत हवी आहे: वर्कशॉप व्हॅक्यूमचा धुतलेला फिल्टर वाळतच नाही

नमस्कार मंडळी,

रत्नागिरीत घराच्या पडवीत माझं हौशी सुतारकाम चालतं. त्यासाठी घेतलेला ओला-सुका व्हॅक्यूम आहे, टाकी २० लिटरची, आत घड्याघड्यांचा गोल कागदी फिल्टर. रंध्याचा कीस, सागवानाचा भुसा, सगळं दोन वर्षं बिनतक्रार ओढलं. गेल्या महिन्यात एमडीएफचं (लाकडाचे बारीक तंतू डिंकात दाबून केलेल्या फळ्यांचं) कपाट करायला घेतलं आणि गाडी अडली. एमडीएफची धूळ म्हणजे मैदाच! सँडरला (लाकूड घासायच्या मशीनला) नळी जोडून अर्धा तास झाला की ओढ बसते आणि मशीनचा आवाज शिट्टीसारखा चढतो. फिल्टर काढून माडाच्या बुंध्यावर आपटला की तेवढ्यापुरतं बरं. (आधी तुळशीवृंदावनाच्या कठड्यावर आपटत होतो. आईने पाहिलं.)

रविवारी वैतागून नळाखाली धरला. आज बुधवार, पंखा अहोरात्र चालू, पण बाहेर धो धो पाऊस आणि घड्यांच्या मुळाशी ओल तशीच. कुबट वास मारतोय. काल न राहवून तसाच बसवून चालवला, तर घड्यांत धुळीचा लगदा झाला. तो खरवडताना कागद एका जागी सुटल्यासारखा वाटला.

हेअर ड्रायर मारू का? की चुलीशेजारी ठेवू? सोबत स्पंजचा एक फिल्टर आला होता, तोवर तो लावून काम उरकलं तर चालेल?

प्रतिसाद:
स्पंज लावून एमडीएफ ओढू नका, पाया पडतो. तो पाणी ओढताना लावायचा. बारीक कोरडी धूळ त्यातून आरपार जाते आणि मागच्या तोंडातून पडवीभर उडते. एमडीएफमध्ये बहुधा युरिया फॉर्माल्डिहाइडचा डिंक असतो. मास्क लावताय ना?
कागद फाटलाय का ते रात्री बघा. दिवे घालवून फिल्टरच्या आत मोबाइलचा टॉर्च ठेवायचा. एखादा ठिपका लख्ख दिसला तर तिथे भोक. चिकटवत बसू नका, नवा घ्या.

प्रतिसाद:
ड्रायर नको, चूल तर नकोच, कागदाच्या कडा चिकटवलेल्या असतात, त्या सुटतात. आणि फिल्टर धुवायचा आहे असं त्यावर किंवा पुस्तिकेत लिहिलंय का? सगळे कागदी फिल्टर पाण्यात घालायचे नसतात.
मी कुडाळचा. धुणं एप्रिल-मेमध्येच, बाकी वर्षभर कोरडी सफाई. मऊ ब्रश घड्यांच्या उभ्या रेषेत फिरवायचा, मग कंप्रेसरची हवा, पण आतून बाहेर. बाहेरून मारलीत तर धूळ आणखी रुतते. पंक्चरवाल्याकडे जाणार असाल तर दाब कमी करायला सांगा आणि नोझल वीतभर लांब धरा, नाहीतर कागदाची चाळण होते. हे अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून. दोन फिल्टर आलटूनपालटून वापरा, आणि टाकीत धुळीची पिशवी बसत असेल तर ती लावाच.
खरा उपाय म्हणजे सँडर आणि व्हॅक्यूमच्या मध्ये, नळीला जोडलेली सायक्लोनची झाकणबंद बादली. हवा गोल फिरते, भुसा खाली पडतो. एमडीएफची अगदी बारीक धूळ थोडी पुढे जातेच, तरी फिल्टरवरचं ओझं पुष्कळ कमी होतं. बादली जाड घ्या. माझी पहिली रंगाची होती, नळी तुंबली तशी आत चेपली.

धागाकर्ता:
टॉर्च लावून पाहिला, दोन लख्ख ठिपके! नवे दोन मागवलेत. पुस्तिकाही सापडली, त्यात ‘धुऊ नये’ असं स्पष्ट छापलंय. आता बादलीच्या मागे लागलोय. नळीचं तोंड आतून ३५ मिमी, इथे पीव्हीसी पाइप ३२ नाहीतर ४० चा मिळतो. तुम्ही काय बसवलंत?

प्रतिसाद (कुडाळवाले):
३२ चाच घ्या. वर सायकलची जुनी ट्यूब ताणून गुंडाळा, घट्ट बसेपर्यंत.