तीन बोटं दाबली की झाली कॉर्ड? (सांगली-मिरजेच्या वाजवणाऱ्यांनो, या)

हरिपूर_रोड
काल एक पोस्ट वाचली, रात्रभर डोक्यात राहिली. मजकूर साधारण असा: 'इंटरव्हल (दोन स्वरांमधलं अंतर) शिकवणं ही क्लासवाल्यांची फी लांबवायची युक्ती आहे. सा-ग-प एकदम दाबा, मेजर कॉर्ड. ग कोमल करा, मायनर. अशा चार कॉर्ड पाठ करा, कुठलंही गाणं वाजतं.' खाली अंगठ्यांची रांग.

हे 'पाठ झालेले' लोक शेवटी माझ्याकडे येतात. परवा एक मुलगा आला. पांढरी एकला (पहिल्या पांढऱ्या पट्टीला सा धरून) सा-ग-प झकास वाजवला. म्हटलं, आता हाच मेजर रेपासून दाखव. त्यानं बोटं तशीच उचलून एक पट्टी पुढं ठेवली, एक सोडून एक. रे-म-ध. "सर, हा रडका का वाजतोय?" रडका वाजणारच! काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून एका पट्टीवरून लगेचच्या पट्टीवर म्हणजे एक अर्धा स्वर. सा ते ग असे चार, रे ते म तीनच. बोटांना ते कळत नाही, मोजावं लागतं.

मोजण्यातही घोळ. सा-ग या अंतराचं नाव 'तिसरा', ग-पसुद्धा 'तिसरा', मग सा-प सहावा न होता पाचवा का? कारण सुरुवातीचा स्वर धरून मोजतात आणि ग दोन्हीकडे मोजला जातो. दहावा-तेरावा मोजताना माणूस गेला तो दिवस धरतोच ना आपण? आठवडा म्हणतो आणि दिवस सात.

एवढं कळलं की पाठ करायला उरतं काय? चार आणि तीन अर्धे स्वर एकावर एक ठेवले की मेजर, तीन आणि चार ठेवले की मायनर. तीन-तीन म्हणजे नी-रे-म, डिमिनिश्ड. चार-चार म्हणजे सा-ग-कोमल ध, ऑगमेंटेड. संपलं. आणि गायकानं ग लांबवला तर खाली सा-ग-प लावाल, ध-सा-ग लावाल की ग-प-नी? तिन्हीत ग आहे. पाठांतराला विचारा.

बेंजोपार्टी_कवठे
ती पोस्ट माझीच. राग मानू नका सर, पण बारा वर्षं हळदीला आणि वरातीला कीबोर्ड वाजवतोय. नवरदेवाचा मामा माइक घेतो, काळी दोन सांगतो आणि पांढरी चारात उचलतो. तिथं मी अर्धे स्वर मोजत बसू का? ट्रान्सपोजचं बटण दाबतो, मामा खूश, पाकीट मिळतं. तुमच्या त्या तीन-तीनवर कुणी नाचलेलं बघितलं नाही.

हरिपूर_रोड
बटणानं पट्टी बदलते. मामाच्या ग-खाली काय लावायचं ते बटण सांगत नाही.

बेंजोपार्टी_कवठे
कान सांगतो की.

मिरज_तंबोरा
दोघांचंही चाललंय ते मुळात कशासाठी? आपल्याकडं सप्तकाच्या 22 श्रुती, म्हणजे बारीक पायऱ्या. सा-प तेरा श्रुती, सा-म नऊ श्रुती, हा संवाद, म्हणजे पक्का मेळ. गंधार (ग) षड्जाचा (सा) संवादी कधी नव्हता, अनुवादी, म्हणजे नुसता सोबतीचा, होता. त्याला मधे बसवून तिघांची मोट बांधायची आणि वर म्हणायचं की गाणं भरलं.

मागच्या महिन्यात एका कार्यक्रमाला गेलो होतो. अभंगाची चाल मालकंसात, आणि कीबोर्डवाल्यानं खाली सा, कोमल ग, प असा मायनर ठेवून दिला. पंचम! मालकंसात! मी उठून बाहेर आलो.

हरिपूर_रोड
काका, तुम्ही माझ्याच बाजूनं बोलताय आणि मलाच झोडताय. त्या पोरानं 'मायनर' एवढंच पाठ केलं होतं. मालकंसाच्या पाच स्वरांतून (सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी) तीन स्वरांच्या मेजर-मायनर कॉर्ड दोनच निघतात: कोमल ध-सा-कोमल ग हा मेजर आणि म-कोमल ध-सा हा मायनर. सावर उभी राहणारी कॉर्ड त्या रागात नाहीच, कारण पंचम नाही. भूप रागातही दोनच, सा-ग-प आणि ध-सा-ग. त्यानं हे मोजलं असतं तर तुम्हाला बाहेर यावं लागलं नसतं.

मिरज_तंबोरा
दोनच निघतात म्हणजे राग नको म्हणतोय. ते ऐकू येत नाही तुम्हाला. आणि मोजमापाचा एवढा अभिमान असेल तर हेही मोजा. षड्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार उमटतो तो 386 सेंटांवर (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट). तुमच्या कीबोर्डचा आणि पेटीचा 400 वर. म्हणजे तुमचा लाडका मेजर 14 सेंट चढा. मिरजेत ज्यानं तंबोऱ्याची जवारी (तारेचा झणकार) काढताना ऐकली आहे, त्याला पेटीचा ग दाताखाली खडा आल्यासारखा लागतो.

खणभाग_पेटी
आला का विषय पेटीवर? मला वाटलंच. 1940 साली रेडिओनं पेटीला बंदी घातली, ती तीसएक वर्षं टिकली, तरी मिरजेचं समाधान नाही.

आमचंच ऐका. आजोबांची पेटी, जुने पितळी सूर (आवाज देणाऱ्या पात्या), दणकट भाता. वडील कुणाच्या तरी नादी लागले आणि पेटी तंबोऱ्याला लावून घेतली, सा काळी एक. काळी एकला स्वर्ग, खोटं नाही सांगत. मग एकादशीला भजनी मंडळात बुवांनी काळी दोन धरली. काळी दोन म्हणजे त्या पेटीचा रे, आणि त्या रेचा पंचम म्हणजे तिचा गोड लावलेला ध. तो पंचम 22 सेंट कमी! पखवाजवाला माझ्याकडं बघायला लागला. पुढचे सहा अभंग मी नुसता भाता हलवला.

मिरज_तंबोरा
दोष पेटीचा, श्रुतींचा नव्हे. 22 श्रुतींचं माप मांडणारे कृ. ब. देवल सांगलीचेच, 1910 साली पुस्तक लिहिलं त्यांनी. श्रुतींची पेटीही घडवली गेली.

खणभाग_पेटी
घडवली गेली. आणि आज कुठल्या भजनात वाजते ती?

मिरज_तंबोरा
कान नसले की काहीही वाजतं.

खणभाग_पेटी
काका, वय बघून गप्प बसतोय. तुम्ही मशीनचा तंबोरा लावून रियाज करता हे सगळ्या गल्लीला माहीत आहे.

आणि लावून घ्यायची म्हटली तरी माणूस कुठाय? सूर चढवायला टोकाशी घासायचा, उतरवायला बुडाशी, एवढीशी गोष्ट. मी पेटी दिली त्या कारागिरानं दोन्हीकडं घासला. आता तो कोमल नी ना कोमल ना शुद्ध, आणि बिल मात्र शुद्ध.

बेंजोपार्टी_कवठे
म्हणून म्हणतो, कीबोर्ड घ्या. 😄

औंधची_लेक
भांडण झालं असेल तर बोलू का? मी सातारा जिल्ह्यात शाळेवर आहे. आमच्याकडं कीबोर्ड नव्हता, पेटीचा भाता उंदरांनी खाल्लेला. मी सातवीचे तीन गट केले, एकाला सा, एकाला ग, एकाला प. गचा गट सारखा घसरायचा, कधी साकडं, कधी पकडं. आठ दिवसांनी एकदा बसला, आणि वर्ग आपोआप गप्प झाला. शेजारच्या बाई डोकावल्या. मग सावाले जागेवर ठेवले, गवाल्यांना म, पवाल्यांना ध दिला. सा-म-ध. एक गट हललाच नाही आणि तरी सगळं बदललं, याचं पोरांना फार नवल वाटलं.

नंतर देणगीतून कीबोर्ड आला. पहिल्या दिवशी गवाल्या मुली म्हणाल्या, "बाई, या नव्या पेटीचा ग वर आहे." त्यांना सेंट-बिंट कुणी सांगितलेलं नाही.

मिरज_तंबोरा
बघा!

हरिपूर_रोड
काका, 'बघा' काय? त्या पोरी कॉर्डच गात होत्या. तुमचा 386 चा गंधार त्यांना तिघांच्या मोटेतच सापडला.

मिरज_तंबोरा
गळ्यातली असेल तर हरकत नाही. पेटीतली नको. एवढंच देतो, याच्यापुढं मागू नका.

खणभाग_पेटी
उपकार झाले. पेटी कृष्णेत सोडून येतो.

बेंजोपार्टी_कवठे
सर, दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मोजून बघितलं. रेवर चार मोजले तर काळी आली. रे-तीव्र म-ध. मेजर वाजला. बारा वर्षं मी तिथं मायनर दाबून पुढं पळत होतो आणि वर ड्रम वाढवत होतो. पोस्ट काढत नाही, अंगठे आलेत चांगले. पण परवा तासगावला हळद आहे, त्या मामाच्या ग-खाली तिन्हीतलं कुठलं लावू ते तेवढं सांगा. फी नंतर बघू.

हरिपूर_रोड
खर्जात मामाच्या मागं काय वाजतंय ते आधी सांग. ध असेल तर ध-सा-ग.

बेंजोपार्टी_कवठे
खर्जात ढोल असतो सर.