'तीन दिवस व तीन रात्री' : बायबलमधले काळवाचक शब्द

मत्तय १२:४० मध्ये येशू म्हणतो की, योना संदेष्टा जसा माशाच्या पोटात तीन दिवस व तीन रात्री होता, तसाच मनुष्याचा पुत्र, म्हणजे तो स्वतः, पृथ्वीच्या पोटात तीन दिवस व तीन रात्री राहील. येशूचा वधस्तंभावरील मृत्यू शुक्रवारी दुपारी आणि पुनरुत्थान रविवारी पहाटे असे परंपरेने मानले, तर मध्ये रात्री दोनच येतात; मग तिसरी रात्र कोणती, असा प्रश्न विचारला गेला आहे. माझ्या मते हा प्रश्न मोजणीच्या रीतीचा आहे, आणि ती रीत मराठी माणसाला मुळीच परकी नाही.

रविवारी आपण कोणाला 'आठ दिवसांनी ये' असे सांगितले, तर तो पुढच्या रविवारी येतो, सोमवारी नव्हे. रविवार ते रविवार, दोन्ही टोकांचे वार धरले की आठ भरतात. मृत्यूचा दिवस धरून तेरावा मोजतात, तोही याच रीतीने. योहान २०:२६ मध्ये थोमा बाकीच्या शिष्यांबरोबर असताना येशू 'आठ दिवसांनी' पुन्हा भेटतो, असे लिहिले आहे. तिथे मराठी वाचक न अडखळता एक आठवडा असाच अर्थ घेतो. 'धरून' आणि 'सोडून' हे आपले दोन साधे शब्द हाताशी असले की शुक्रवार, शनिवार, रविवार हे तीन दिवस पुरे होतात.

राहिला रात्रींचा प्रश्न. दिवस आणि रात्र मिळून होणाऱ्या एककाला यहुदी परंपरेत 'ओना' म्हणत, आणि ओनाचा काही भाग पूर्ण ओनासारखाच धरावा, असे यरुशलेमी तालमूद या यहुदी धर्मग्रंथात म्हटले आहे. मराठीत याला जवळचा शब्द 'अहोरात्र'. एस्तेर राणी तीन दिवस, रात्रंदिवस, उपास करण्यास सांगते (एस्तेर ४:१६) आणि तिसऱ्याच दिवशी राजासमोर उभी राहते (५:१). तिसरी रात्र पूर्ण होण्याची वाट ती पाहत नाही. म्हणून 'तीन दिवस व तीन रात्री' ही बोलण्यातली ठरलेली जोडी आहे, बहात्तर तासांचा हिशोब नव्हे. काहीजण बहात्तर तास भरावेत म्हणून वधस्तंभाचा दिवस बुधवारवर नेतात. ते मला पटत नाही, कारण त्याच रविवारी अम्माऊस गावाच्या वाटेवर दोघे शिष्य 'आज तिसरा दिवस आहे' असे स्वतःच सांगतात (लूक २४:२१). पुढे ते 'दिवस उतरला आहे' म्हणून वाटेत भेटलेल्या सोबत्याला थांबवून घेतात. गावाकडे 'दिवस मावळला' म्हणतात तेव्हा दिवस म्हणजे सूर्यच असतो. तीच जाण ठेवून ही ओळ वाचली तर ती किती घरची वाटते.

'प्रहर' या शब्दाबाबत मात्र सावध राहावे लागते. येशू रात्रीच्या 'चौथ्या प्रहरी' पाण्यावरून चालत येतो (मत्तय १४:२५). रोमी पद्धतीत रात्रीचे चार पहारे असत आणि आपल्याकडेही रात्रीचे प्रहर चारच, त्यामुळे पहाटेच्या सुमाराचा हा काळ दोन्हीकडे नेमका जुळतो. पण जुन्या करारातला इस्राएली सेनानायक गिदोन शत्रूच्या छावणीवर चाल करतो ती 'मधल्या प्रहराच्या' आरंभी (शास्ते ७:१९), आणि चार प्रहरांना मधला प्रहर कुठून असणार? जुन्या करारात रात्रीचे भाग तीन होते, म्हणजे एकेक भाग सुमारे चार तासांचा. मूळ इब्री शब्द राखण करण्यावरून आलेला आहे, म्हणून अशा ठिकाणी मी 'पहारा' हा शब्द पसंत करीन. तोही 'प्रहर' या शब्दातूनच आलेला असला, तरी तीन तासांचे बंधन त्याला नाही.

हाच पहारा स्तोत्र ९०:४ मध्ये येतो. देवाच्या दृष्टीने हजार वर्षे कालच्या गेलेल्या दिवसासारखी आणि रात्रीच्या पहाऱ्यासारखी आहेत, असे कवी म्हणतो. एकाच ओळीत हजार वर्षांना दोन वेगवेगळी मापे लावली आहेत, एक अख्खा दिवस आणि एक रात्रीचा तुकडा; यावरूनच हे कोष्टक नसून उपमा आहे हे उघड होते. २ पेत्र ३:८ मध्ये 'एक दिवस हजार वर्षांसारखा' याच्या जोडीला 'हजार वर्षे एका दिवसासारखी' असेही म्हटले आहे, पण त्या वचनाचा अर्धाच भाग उचलून वर्षांचे गणित मांडणारे 'सारखा' हा शब्द गाळूनच वाचतात.