जुनी रेड वाइन डिकँट करावी (आधी दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावी) की थेट ग्लासात ओतावी? मदत हवी आहे

माझ्याकडे फ्रान्समधील बोर्दोच्या पोइयाक भागातील १९९६ सालची, मुख्यतः काबर्ने सोव्हिन्यों द्राक्षांची एक बाटली आहे. ती कायम सुमारे १३ अंश सेल्सिअसला, अंधारात आडवी ठेवलेली असून आता ती उघडण्याचा विचार आहे.

काळानुसार टॅनिन (वाइनला तुरटपणा देणारी द्रव्ये) एकमेकांशी आणि रंगद्रव्यांशी जोडले जाऊन गाळाच्या रूपाने खाली बसतात, त्यामुळे तुरटपणा मवाळ होतो आणि रंग विटकरी छटेकडे झुकतो. म्हणून बाटली एक-दोन दिवस उभी ठेवून गाळ न हलवता ओतायची, इथपर्यंत मला शंका नाही. अडचण पुढची आहे. कोवळी वाइन हवा लागल्याने खुलते, परंतु जुन्या वाइनमधले देवदार, तंबाखू, चामडे, ओलसर पालापाचोळा यांची आठवण करून देणारे नाजूक गंध हवेत लवकर विरतात. मागे अशीच एक जुनी बाटली मी दोन तास डिकँटरमध्ये ठेवली आणि हाती केवळ आंबट, निस्तेज चव उरली, याची हळहळ अजून वाटते.

जाणकारांनी कृपया सांगावे, की गाळ वेगळा करून लगेच वाढणे योग्य, की ग्लासातच तिला हळूहळू खुलू द्यावे? परिपक्वतेचा सुक्या अंजिरासारखा गंध आणि ऑक्सिडेशनमुळे (जास्त हवा लागून वाइन बिघडल्याने) येणारा शेरी या स्पॅनिश वाइनसारखा वास यांतला फरक पहिल्या घोटात कसा ओळखावा? शिवाय, ठिसूळ झालेल्या कॉर्कसाठी दोन पात्यांचा ओपनर कोणी वापरला असल्यास तो अनुभवही अवश्य कळवावा.