'यादृच्छिक' हे आईला कसं सांगायचं?

पाटीपेन्सिल
आठवडाभर एका माहितीपत्रकाशी झटापट चालू आहे. विषय मुलांचा बद्धकोष्ठ आणि त्याच्या जोडीने येणारा लघवीचा त्रास. मुलांचे सर्जन दोन उपचारांची तुलना करणार आहेत, त्यासाठी पालकांच्या हातात द्यायचं हे चार पानी पत्रक. माझ्या आधी कुणीतरी केलेला मराठी मसुदा मिळालाय. त्यातलं एक वाक्य जसंच्या तसं देते:

"आपल्या पाल्याचे यादृच्छिक पद्धतीने दोनपैकी एका गटात नियतन करण्यात येईल."

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींना वाचून दाखवलं. त्यांचा नातू सहा वर्षांचा, म्हणजे पत्रक ज्यांच्यासाठी आहे त्यांतल्याच त्या. लाटणं थांबवून त्यांनी विचारलं, "नियतन म्हणजे ऑपरेशन का हो ताई?"

'नियतन' म्हणजे गटात नेमणं, पण ते तिथल्या तिथे खोडलं. 'यादृच्छिक'च्या जागी 'सोडत काढून' लिहावं असं मनात आहे. म्हाडाची सोडत, आरटीई प्रवेशाची सोडत घरोघरी माहीत असते. चालेल का?

आकडेमोड
आधी बिचाऱ्या 'यादृच्छिक'ची बाजू मांडतो, संख्याशास्त्र शिकवण्यात हयात गेली आहे. यदृच्छा म्हणजे कुणी न ठरवता, आपसूक घडलेलं. गीतेत 'यदृच्छालाभसंतुष्टः' आहे: आपसूक मिळेल त्यात समाधानी. अर्थ अगदी चोख. गोची अशी की शब्दात 'इच्छा' नसूनही ती कानाला ऐकू येते. माझ्या बीएस्सीच्या वर्गात दरवर्षी दोघं-तिघं 'यादृच्छिक म्हणजे आपल्या इच्छेनुसार' असं लिहीत. पालकांनी तो अर्थ घेतला तर पत्रकाचं मुसळ केरात.

पण 'सोडत'ला माझा ठाम विरोध. सोडत *लागते*. ज्याला लागली त्याला घर, ज्याला नाही लागली तो पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज भरतो. तुमच्या वाक्यातून आईला एवढंच कळेल की एका गटाला चांगलं औषध आहे आणि आपलं पोर दुसऱ्या गटात गेलं तर आपलं नशीब फुटकं. खरं तर कुठला उपचार बरा हे कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून तर तुलना करायची.

एक खरं उदाहरण देतो. काही मुलांत लघवी मूत्राशयातून उलटी वर मूत्रपिंडाकडे चढते. अशा मुलांना रोज थोडं प्रतिजैविक देत राहावं का, हा जुना वाद. अमेरिकेत ६०७ मुलांवर यासाठी 'रिव्हर' नावाची चाचणी झाली, निष्कर्ष २०१४ साली आले. निम्म्यांना दोन वर्षं औषध, निम्म्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं. औषधवाल्या ३०२ मुलांपैकी ३९ जणांना लघवीचा संसर्ग पुन्हा झाला, दुसरीकडे ३०५ पैकी ७२ जणांना. म्हणजे औषधवाल्यांची सोडत लागली म्हणायची? थांबा. मूत्रपिंडावर पडणाऱ्या व्रणांत दोन्ही गटांत फरक निघाला नाही, आणि ती मुख्य काळजी होती. शिवाय औषधवाल्या मुलांना पुन्हा संसर्ग झाला तेव्हा त्यांच्यातले जंतू त्या औषधाला जास्त प्रमाणात निर्ढावलेले निघाले. आता सांगा, घर कुणाला लागलं?

तळकोकण
'कौल' सुचवायला आलो होतो, तुमचं वाचून गप्प बसलो. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालून कौल लावतात; उजवीकडची कळी पडली की होय, डावीकडची पडली की नाही. पद्धत यादृच्छिकच म्हणा की! पण मग तो देवाचा शब्द होतो. कौल मिळाल्यावर आमची माणसं मध्येच अभ्यासातून बाहेर पडायची नाहीत, आणि बाहेर पडण्याची मोकळीक तर पत्रकात ठळक लिहावी लागते ना?

पाटीपेन्सिल
हो, "कधीही, कारण न सांगता" असं आहे. सोडत बाद. कौलही बाद, जरा हळहळत.

रात्रपाळी
लहान मुलांच्या सर्जरी वॉर्डात सिस्टर आहे, एकोणीस वर्षं. तुमचं यादृच्छिक चालू द्या, मला पत्रकातल्या 'पिशवी'बद्दल बोलायचंय. 'मूत्राशय' कुणालाच कळत नाही म्हणून सगळे 'पिशवी' लिहितात. आमच्या वॉर्डात पिशव्या तीन. पोटातली लघवीची पिशवी. कॉटला लटकवलेली लघवीची पिशवी. आणि ज्या बाळाचं शीचं तोंड पोटावर काढलंय त्याला लावलेली पिशवी. त्यात आयांची आणखी एक, कारण 'माझी पिशवी काढलीय' म्हणजे गर्भाशय काढलंय. एका छापील कागदावर होतं, "झोपण्यापूर्वी पिशवी रिकामी करावी." मुलाने लघवी करून झोपावं असा हेतू. नळी घातलेल्या मुलाची आई तो कागद वाचून रोज रात्री नऊला कॉटची पिशवी ओतायची. नुकसान काही झालं नाही, पण लिहिणाऱ्याला समजायला हवं. 'झोपायच्या आधी शू करायला न्या' एवढं पुरतं.

दुसरं. मसुद्यात 'निर्जंतुक नळी' आहे का बघा. पाठीच्या कण्याच्या जन्मजात दोषामुळे ज्यांना लघवीची जाणीव नाही, त्या मुलांना दिवसातून चार-पाच वेळा नळी घालून लघवी काढावी लागते. तिथे मुद्दाम 'स्वच्छ' म्हणतात. १९७२ साली लॅपिडीस नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी दाखवलं की घरी साबणाने हात धुऊन, स्वच्छ नळीने हे करता येतं, निर्जंतुकच हवी असं नाही. अनुवादक 'स्वच्छ' साधा वाटला म्हणून त्याला बढती देऊन 'निर्जंतुक' करतात, आणि खेड्यातली आई घाबरून नळी घालायचीच सोडते.

पाटीपेन्सिल
आहे! पान तीन, दोनदा. बदलते. पाया पडते तुमच्या.

वऱ्हाडी ठेचा
'बद्धकोष्ठता' कोण बोलते राजेहो? आमच्याकडे 'संडासले साफ होत नाही'. आजीच्या तोंडी 'झाडा'. कुठं 'परसाकडं', शाळेत 'दुकी'. पत्रकात कोणता टाकाल? मी म्हणतो 'शी' टाका. लहान मुलाबद्दल बोलताना नागपूर ते सावंतवाडी कुणीही 'शी'च म्हणते.

रात्रपाळी
शी म्हणजे शी, त्यावर एकमत. पण प्रश्न 'मुलाला बद्धकोष्ठ आहे का?' असा विचारूच नका. आई हमखास 'नाही' म्हणते. उलट सांगते की जुलाब होतात, दिवसभर चड्डीला लागतं. आत कडक शीचा गोळा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ शी झिरपत असते. घरचे जुलाब समजून शी मऊ करायचं औषध बंद करतात आणि गोळा आणखी मोठा होतो. म्हणून विचारायचं ते 'आठवड्यातून किती वेळा?' आणि 'कशी होते?'.

'कशी'साठी ब्रिस्टलचा तक्ता असतो, सात चित्रांचा. त्याच्या मराठीत एकदा 'सॉसेजसारखी' असं वाचलं. अहो, सॉसेज कुणी बघितलंय! आमच्या वॉर्डातलं मराठी असं: एक नंबर शेळीच्या लेंड्या. दोन नंबर त्याच लेंड्या एकमेकींना चिकटलेल्या. तीन नंबर भेगाळलेलं कणीस. चार नंबर सोललेलं केळं. सहा नंबरला आम्ही पिठलं म्हणतो, त्यावरून डॉक्टर चिडतात, पण मुलं खिदळत बरोबर बोट ठेवतात.

तळकोकण
आज रात्री आमच्या घरी पिठलंच आहे. धन्यवाद.

दोन पोरांची आई
एक विचारू? शी आणि लघवी एकाच पत्रकात का? माझा धाकटा सात वर्षांचा आहे, अंथरूण ओलं करतो. त्याचा शीशी काय संबंध?

आकडेमोड
संबंध दाट आहे. आतडं फुगलं की शेजारच्या मूत्राशयाला दाबतं. अमेरिकेतल्या लोएनिंग-बाउके यांनी १९९७ मध्ये बद्धकोष्ठाच्या २३४ मुलांची माहिती मांडली. ज्यांचा बद्धकोष्ठ बरा झाला त्यांच्यापैकी दिवसा चड्डी ओली होणाऱ्या ८९ टक्के मुलांची आणि रात्री ओलं होणाऱ्या ६३ टक्के मुलांची ती तक्रार थांबली. प्रत्येक मुलाचं कारण हेच असतं असं नाही, तेव्हा डॉक्टरांना दाखवा.

आणि तुमच्याच वाक्यात एक शब्द सापडला. 'ओलं *करतो*'. मराठीत 'करतो' आलं की कर्ता आला, कर्ता आला की दोष आला. झोपेत झालेल्या गोष्टीला कर्ता कुठला? पत्रकात 'अंथरूण ओलं *होतं*' असं हवं. 'शय्यामूत्र'पेक्षा हे शंभर पटींनी बरं.

दोन पोरांची आई
खरंय. आमच्याकडे सासूबाई 'मुतरा' म्हणतात त्याला. सगळ्यांसमोर.

रात्रपाळी
होतं/करतो मान्य, पण उलटंही सांभाळा. काही मुली खेळ सोडायचा नाही म्हणून उकिडव्या बसून टाच खाली दाबून धरतात. तिथे 'लघवी अडते' लिहिलंत तर डॉक्टर अडथळा शोधतील. ती अडत नाही, ती 'दाबून धरते'. जिथे कर्ता आहे तिथे तो लिहाच.

पाटीपेन्सिल
आता 'संमती'. मसुद्यात पालकांची 'संमती' आणि मुलाची 'अनुमती' आहे. इंग्रजीत दोन शब्द म्हणून मराठीत दोन.

आकडेमोड
अनुमती वरून खाली येते. साहेब देतात, न्यायालय देतं. सात वर्षांचं पोर डॉक्टरांना अनुमती देतंय हे चित्र गोड आहे, पण चुकीचं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ७ ते १२ वर्षांच्या मुलाचं तोंडी आणि त्यापुढे १८ पर्यंत लेखी 'हो' घ्यावं लागतं. ते साधं 'होकार'च आहे. शिवाय होकाराच्या शेजारी नकार आपोआप उभा राहतो. अनुमतीला असा सोबती नाही.

वऱ्हाडी ठेचा
'चाचणी'ही बघा. "या चाचणीत सहभागी व्हा" म्हटलं की लोक बाही वर करतात, रक्त द्यायले. अन् 'प्रयोग' लिहिलं तर पोराले उचलून थेट घरी.

पाटीपेन्सिल
'अभ्यास' ठेवलाय. त्यातही मावशी म्हणाल्या, "अभ्यास तर तो शाळेतच करत नाही." पण निदान घाबरल्या नाहीत.

रात्री बसून वाक्य पुन्हा लिहिलं:

"दोन उपचारांपैकी कोणता जास्त गुणाचा हे अजून कुणालाच माहीत नाही. म्हणून तुमच्या मुलाला कोणता द्यायचा हे डॉक्टर ठरवणार नाहीत, तुम्हीही ठरवणार नाही. चिठ्ठी काढून ठरेल. कोणतीही चिठ्ठी निघाली तरी तपासण्या आणि काळजी सारखीच घेतली जाईल."

आकडेमोड
चिठ्ठी उत्तम. निघते, लागत नाही. आधी 'माहीत नाही', मग 'चिठ्ठी' हा क्रम मात्र कुणालाही बदलू देऊ नका. एक शंका: हल्ली चिठ्ठी संगणक काढतो, आणि तीही आधीच काढून बंद लखोट्यात ठेवलेली असते. ते लिहिणार?

पाटीपेन्सिल
आज मावशींना वाचून दाखवलं. सगळं कळलं. लखोट्याचंही सांगितलं. त्यांचा एकच प्रश्न: "लखोटा आमच्यासमोर फोडतील ना?"

सर्जनना मेल केली आहे. उत्तर आलं की इथे टाकते.