कोच म्हणजे बसचा ड्रायव्हर?

बेंचवरचा
काल फुटबॉलवर एकाने लिहिलेलं वाचलं: "अकरा चांगले खेळाडू आणा, टीम आपोआप उभी राहते. कोच म्हणजे बसचा ड्रायव्हर, कुणीही चालतो." खाली टाळ्यांचा पाऊस. दोन ओळींत उत्तर देणार होतो, पण नाही जमणार.

ड्रायव्हर कुणीही चालतो ना? मग इटलीतल्या नापोलीचं बघा. २०२२-२३ ला कोच स्पॅलेटीने तेहतीस वर्षांनी लीग जिंकून दिली आणि तो गेला. डिफेंडर किम जर्मनीच्या बायर्नला गेला, मान्य. पण ओसिमेन तिथेच, क्वारा तिथेच, लोबोत्का, दि लोरेन्झो तिथेच. पुढच्या मोसमात तीन ड्रायव्हर झाले आणि बस दहाव्या नंबरावर जाऊन थांबली. मग कोच म्हणून कॉन्ते आला. ओसिमेन त्याला मिळालाच नाही, क्वाराला जानेवारीत पॅरिसच्या पीएसजीला विकलं, तरी २०२५ ची लीग खिशात. आणि त्या मोसमाचा लीगमधला सर्वोत्तम खेळाडू कोण? मॅकटॉमिने. मँचेस्टर युनायटेडने नको म्हणून विकलेला!

इंग्लंडची ॲस्टन व्हिला घ्या. ऑक्टोबर २०२२ ला कोच गेरार्डला काढलं तेव्हा सतरावे. एमरी आला, जानेवारीत एक-दोन नवे चेहरे आले, बाकी तीच मंडळी, आणि मोसम संपताना सातवे. नुसते खेळाडू विकत घेऊन भागत असतं तर त्याच मोसमात पैशाची पोती ओतलेली चेल्सी बारावी आली नसती.

अनफिल्डकर
पोस्ट माझी नव्हती, पण टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होतो, तेव्हा बोलतो.

क्लॉप ऑक्टोबर २०१५ ला आमच्या लिव्हरपूलचा कोच म्हणून आला. पहिल्या मोसमात आठवे, मग दोनदा चौथे. कोच तोच, प्रेसिंग (बॉल गेला की लगेच अंगावर धावून जाणं) तेच, आणि कॉर्नर आला की आमच्या पोटात गोळा येणंही तेच. जानेवारी २०१८ ला साडेसात कोटी पौंड मोजून डिफेंडर व्हॅन डाइक आणला. त्याच मे महिन्यात कीव्हला चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वात मोठ्या स्पर्धेची फायनल. आमच्या कीपरने, कारियसने, हाताने बॉल टाकला, रेआल माद्रिदच्या बेन्झेमाने नुसता पाय पुढे केला आणि बॉल रांगत रांगत गोलमध्ये गेला. ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. त्या उन्हाळ्यात आम्ही कोच बदलला का? नाही. कीपर बदलला. ॲलिसन आला, २०१९ ला चॅम्पियन्स लीग, २०२० ला ९९ पॉइंटांनी लीग. घ्या तुमचा ड्रायव्हर.

बेंचवरचा
आणि कारियसला आणलं कुणी? क्लॉपनेच ना?

अनफिल्डकर
मग माझाच मुद्दा झाला की! कोचला खेळाडू ओळखता येतातच असं नाही. गोल करणाऱ्या सलाहला घ्या म्हणून स्काउटिंगवाले (खेळाडू हेरणारे) क्लॉपच्या मागे लागले होते, हे त्यानेच नंतर सांगितलंय.

कीपर नं. १
अवांतर आहे, पण कीपरचा विषय तुम्हीच काढलात.

माझा राग वेगळाच आहे. हल्ली कोचला कीपर हाताने नाही, पायाने खेळणारा हवा असतो. युनायटेडच्या डे हेआने २०२२-२३ ला १७ क्लीन शीट (एकही गोल न खाल्लेल्या मॅच) ठेवल्या, त्याबद्दलचं गोल्डन ग्लोव्ह बक्षीस घेतलं, आणि त्याच उन्हाळ्यात हातात नारळ. मग पायाने खेळणारा ओनाना आला आणि युनायटेड चॅम्पियन्स लीगच्या गटात शेवटचे. २०१६ ला मँचेस्टर सिटीचा कोच ग्वार्डिओलाने कीपर हार्टला घालवून ब्राव्हो आणला. तो वर्षभर कसा खेळला ते सिटीवाल्यांनाच विचारा.

मी स्वतः कॉलेजला कीपर होतो. नवा कोच आला, व्हिडिओ बघून शहाणा झालेला. लांब मारायचं नाही, मागूनच खेळायचं. एका मॅचला मैदान ओलं, बॅकपास आला माझ्या डाव्या पायावर, त्यांचा स्ट्रायकर पंधरा पावलांवर. मी लांब भिरकावणार तेवढ्यात हा बाहेरून ओरडतो, "खेळ! खेळ!" मी थांबवायला गेलो. बॉल बुटाच्या तळव्याखालून सरकला. पुढचं सांगत नाही. मध्यंतराला सगळ्यांदेखत मला विचारतो, "तुला कुणी सांगितलं होतं तिथे खेळायला?"

तिसरा माणूस
तुमच्या कोचचा राग ग्वार्डिओलावर का काढताय? ब्राव्हो फसला म्हणून त्याने कल्पना सोडली नाही, पुढच्या वर्षी एडरसन आणला आणि २०१७-१८ ला १०० पॉइंट झाले. वर ज्याचे गोडवे गायले तो ॲलिसनही पायाने उत्तम खेळतो.

कीपर नं. १
ॲलिसन आधी अडवतो, मग पास देतो. क्रम बघा जरा. आणि ग्वार्डिओलाला पाय एवढे प्यारे तर २०२५ ला डोन्नारुम्मा कशाला घेतला? पीएसजीला चॅम्पियन्स लीग जिंकून दिल्यावर तिथला कोच एन्रिकेला वेगळ्या पद्धतीचा कीपर हवा होता म्हणून जो सुटा झाला, तोच हा. शेवटी लांब हातच लागतात.

लाल पण फिका
डे हेआसाठी गळा काढणाऱ्यांनी एप्रिल २०२३ ची आमच्या युनायटेडची सेव्हियाविरुद्धची मॅच परत बघावी. एक गोल त्याच्या पासमुळे मॅग्वायर अडकला म्हणून, एक तो बॉक्सबाहेर येऊन बॉल हुकला म्हणून. ३-० हरलो, युरोपा लीग संपली. टीव्हीसमोर मी बसलेलो, तुम्ही नाही.

कीपर नं. १
तुम्ही आयुष्यात कधी ग्लोव्ह घातलेत का हो? नसतील तर राहू द्या.

लाल पण फिका
मी विमानही चालवलेलं नाही, पण ते खाली पडलं तर मला कळतं.

मूळ विषयावर येतो, कुणाला तरी यावं लागेल. आमच्या युनायटेडच्या घरात २०१३ पासून दोन्ही औषधं देऊन झाली. महागडे खेळाडू? डी मारिया, पोग्बा, मॅग्वायर, अँटनी. नावाजलेले कोच? व्हॅन हाल, मोरिन्यो. २०२४-२५ ला पंधरावे आलो. प्रत्येक कोचने आपल्या पसंतीचे चार आणले, पुढच्याने त्यातले तीन कोपऱ्यात बसवले. कोच की खेळाडू हे भांडण ज्यांचं घर धड आहे त्यांनी करावं. वर कुणालाच या भांडणात क्लबचा मालक दिसला नाही याचंच नवल वाटतं. आणि आमचा जुना कोच टेन हागला जर्मनीच्या लेव्हरकुझेनने लीगच्या दोन मॅचनंतर घरी पाठवलं, त्यांना दोन मॅचमध्ये कळलं ते आम्हाला दोन वर्षांत कळलं नाही.

गनर आहे, गप्प आहे
आमच्या आर्सेनलचा कोच आर्टेटा सलग दोनदा आठवा आला. २०२१-२२ च्या पहिल्या तीन मॅच हरलो, एकही गोल नाही, तळाला होतो. तरी ठेवला. मग २०२३ ते २०२५ सलग तीनदा दुसरे. (टोमणे माहीत आहेत, कष्ट घेऊ नका.) धीर नावाची चीज असते एवढंच सांगायचं होतं.

अनफिल्डकर
आणि मिडफिल्डर राइससाठी साडेदहा कोटी पौंड धीराने दिले का?

बेंचवरचासाहेब, चेल्सी २०१५-१६ ला दहावी. उन्हाळ्यात लेस्टरहून मिडफिल्डर कान्ते आला, पुढच्या वर्षी चॅम्पियन. कान्ते गेलेली लेस्टर बारावी, कोच रानिएरीला फेब्रुवारीतच काढलं. रानिएरी तोच होता बरं का, आदल्या वर्षी लेस्टरला लीग जिंकून देण्याचा चमत्कार करणारा. एक माणूस इकडून तिकडे गेला आणि लीग त्याच्या मागोमाग गेली.

बेंचवरचा
त्याच उन्हाळ्यात चेल्सीला कॉन्तेही आला. आर्सेनलकडून ३-० मार खाल्ल्यावर त्याने डिफेन्समध्ये तीन जण लावले आणि सलग १३ मॅच जिंकल्या. कान्ते त्या ३-० च्या मॅचलाही होताच की मैदानात.

तिसरा माणूस
कान्ते की कॉन्ते. एका अक्षरावरून भांडण, वा. त्या वर्षी चेल्सीला युरोपात खेळायचं नव्हतं, आठवडाभर सरावाला मोकळे, हे दोघेही सोयीने विसरलात.

ऑफसाइड आजोबा
कोच ब्रायन क्लफने नॉटिंगहॅम फॉरेस्टला १९७७ ला वरच्या डिव्हिजनमध्ये आणलं, १९७८ ला लीग, १९७९ आणि १९८० ला युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग). झाला कोचचा विजय? तोच क्लफ १९७४ ला लीड्सला गेला होता. गतविजेती टीम, एकाहून एक खेळाडू. ४४ दिवसांत बाहेर. कोचही थोर, खेळाडूही थोर, आणि एकमेकांचं तोंड बघवेना. तुमच्या दोन्ही तराजूंत हे कुठे बसतं ते सांगा.

आणि कीपरवाले, फॉरेस्टला क्लफने पैसे मोजून शिल्टन घेतला होता.

कीपर नं. १
आजोबा, दंडवत. हाताने अडवणारा.

बेंचवरचा
लीड्सला उत्तर नाही माझ्याकडे. पण डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. मी चौदा वर्षांखालच्या पोरांना शिकवतो. डिफेन्सचे चौघे चार दिशांना धावायचे. मी चौघांच्या कमरेला एकच दोरी बांधली, मध्ये आठ-आठ पावलं. डावीकडचा सुटला की उजवीकडचा ओढला जायचा, एकदा चौघे एकमेकांवर पडले. तीन आठवड्यांनी दोरी काढली, तरी रेषा तशीच हलत होती. खेळाडू तेच, दमडीचा खर्च नाही. आधी मॅचला पाच-सहा गोल खायचो, नंतर एखाददुसरा.

अनफिल्डकर
एखाददुसरा? प्रत्येक मॅचला? समोर खरोखर वेगवान पोरगा आला असेल तेव्हाही?

बेंचवरचा
एक मॅच ४-१ हरलो. चारही गोल एकाच पोराचे. दोरीची रेषा बरोबर होती, तो तिच्या मागे जाऊन उभा असायचा.

अनफिल्डकर
आणि तो पोरगा पुढच्या वर्षी कुठे होता?

बेंचवरचा
आमच्याकडे. त्याच्या वडिलांना मी तीनदा भेटलो.

अनफिल्डकर
🙏 बाकी काही विचारायचं नाही.

बेंचवरचा
हसा. पहिल्याच दिवशी त्यालाही दोरीत बांधला होता, तेवढं लक्षात ठेवा.

कीपर नं. १
चार गोल खाल्ले तेव्हा तुमचा कीपर पुढे येऊन उभा होता का? कुणी सांगितलं होतं त्याला?