शेवगा दक्षिणेला नको
कोथरूडच्या घरामागे १५ बाय २० फूट जागा आहे, शेवगा दक्षिणेच्या भिंतीलगत लावू का असं विचारलंयत, तर प्लीज नका लावू. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून तिरका येतो आणि आपली मेथी, पालक, कोथिंबीर नेमकी तेव्हाच असते, म्हणजे अख्खा वाफा सावलीत. आमच्याकडे तेच झालं, मेथी नुसती काडीसारखी लांबुडकी वाढून आडवी पडली, पानं फिकट पोपटी, फार वाईट वाटलं. शेवगा, पपई उत्तरेला. वाफा ४ फुटांपेक्षा रुंद नको, दोन्हीकडून हात मधोमध पोचला पाहिजे, नाहीतर खुरपताना माती तुडवली जाते. कढीपत्ता मात्र स्वयंपाकघराच्या दाराशीच, फोडणी तडतडत असताना मागच्या कोपऱ्यापर्यंत कोण जाणार! नळ कुठे आहे तेही सांगा ना.